वुडन फ्लोअरिंग घेताय? डिझाइन नंतर, आधी आतला थर बघा

दुकानात जाऊन "वुडन फ्लोअरिंग दाखवा" म्हटलं की निदान चार वेगळ्या वस्तू समोर येतात. एक अखंड लाकडाची फळी. दुसरी म्हणजे प्लायवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ थर. तिसऱ्यात लाकडाचे तंतू दाबून केलेला पाट आणि त्यावर लाकडाचा छापील कागद. चौथ्यात तर दगडाची भुकटी आणि प्लास्टिक. काउंटरवर फूट-फूटभराचे नमुने मांडलेले असतात आणि दोन पावलांवरून ते चारही सारखेच दिसतात. भावात मात्र कित्येक पटींचा फरक. आणि पाणी सांडलं, पावसाळा आला, खुर्चीची चाकं फिरली की चौघंही अगदी वेगवेगळं वागतात.

पुण्यात आमच्या फ्लॅटच्या दोन बेडरूमसाठी मी हे सगळं शोधायला लागलो, तेव्हा मराठीत सापडलं ते बहुतेक "घराला रॉयल लुक द्या" छापाचं होतं. फोन घेताना आपण मागच्या पॅनलच्या रंगावरून ठरवत नाही, आत काय आहे ते बघतो. इथंही तसंच करायचं. एका खोलीच्या फ्लोअरिंगला चांगल्या फोनपेक्षा जास्त पैसे जातात आणि एक्स्चेंज ऑफर वगैरे काही नसते.

लाकूड हलतं, हे आधी पटवून घ्या

पावसाळ्यात कपाटाचं दार घट्ट बसतं आणि एप्रिलमध्ये तेच सैल होतं, हे प्रत्येक मराठी घरात माहीत असतं. कारण लाकूड हवेतली वाफ घेतं आणि सोडतं. तापमान २५ ते ३० अंश धरलं तर हवेतली आर्द्रता, म्हणजे वेदर अ‍ॅपमधली ह्युमिडिटी, ३० टक्के असताना लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ६ टक्के पाणी राहतं. ५० टक्क्यांना ९, ६५ टक्क्यांना १२ आणि ८५ टक्क्यांना १८ च्या आसपास.

पाणी वाढलं की फळी रुंदीला फुगते, कमी झालं की आखडते. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, सगळा खेळ रुंदीचा. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत आडव्या कापाची सागवानी फळी रुंदीत साधारण ५.८ टक्के आखडते. व्हाइट ओक १०.५ टक्के. फळी उभ्या कापाची असेल, म्हणजे तिच्या टोकाकडून बघितल्यावर वर्षाच्या रेषा उभ्या दिसत असतील, तर हा फरक बराच कमी, सागात २.५ टक्केच.

आता थोडं गणित. पुण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारची ह्युमिडिटी २०-२५ टक्क्यांवर येते, पहाटे ती वर जाते. जाड लाकूड तासातासाला बदलत नाही, आठवड्यांच्या सरासरीमागे जातं. त्या सरासरीनं उन्हाळ्यात लाकडातलं पाणी ७ टक्क्यांच्या आसपास आणि ऑगस्टमध्ये १६ च्या आसपास असं ढोबळ धरू. म्हणजे ९ अंकांचा फरक. सागाला प्रत्येक अंकामागे ०.१९ टक्के, म्हणजे एकूण १.७ टक्के. १० फूट, म्हणजे ३ मीटर रुंदीच्या खोलीत आडव्या कापाच्या फळ्या लावल्या तर कागदावर हा हिशेब ५ सेंटिमीटरपर्यंत जातो! प्रत्यक्षात पॉलिश, बंद खिडक्या, फळ्यांमधल्या फटी यामुळे तो खूप कमी होतो. तरी आकडा लक्षात ठेवा. भिंतीपाशी मोकळी जागा का सोडतात, हे त्यातूनच कळतं.

मुंबईपेक्षा पुणे-नागपूर अवघड

हे वाचून पहिल्यांदा मलाही विश्वास बसला नव्हता. मुंबई दमट, म्हणून लाकडाला मुंबई वाईट, असं सगळे म्हणतात. पण मुंबईत हिवाळ्यातही हवा फारशी कोरडी होत नाही. लाकडातलं पाणी ढोबळमानानं १२ ते १८ यांच्यामध्ये फिरतं. नागपुरात मे महिन्यात ते ६ पर्यंत उतरतं आणि ऑगस्टमध्ये १६-१७ वर चढतं. फळीला त्रास होतो तो ओलाव्यापेक्षा ओलाव्यातल्या चढउताराचा. त्यामुळे मुंबई-कोकणात बुरशी, वाळवी आणि खालून येणारी ओल ही मुख्य डोकेदुखी, तर पुणे, नाशिक, नागपूर, संभाजीनगरकडे फटी पडणं आणि फळ्यांच्या कडा उचलल्या जाणं ही.

तुमच्या खोलीचा आकडा काढायचा असेल तर वेदर अ‍ॅप पुरेसं नाही, ते बाहेरच्या हवेचं सांगतं. २०१३ च्या सॅमसंग गॅलेक्सी एस४ मध्ये आर्द्रता मोजणारा सेन्सर होता, पण तो प्रकार फोनमधून पुढे गेलाच. आता काही शे रुपयांत डिजिटल हायग्रोमीटर मिळतो, ब्लूटूथवालाही मिळतो. महिनाभर खोलीत ठेवला की अ‍ॅपमध्ये आलेख तयार. उन्हाळ्यात रात्रभर एसी चालणाऱ्या खोलीचा आलेख शेजारच्या खोलीपेक्षा किती वेगळा असतो ते बघण्यासारखं आहे.

अखंड लाकूड, म्हणजे सॉलिड वुड

जुन्या वाड्यांच्या माडीवर पायाखाली लाकूडच असायचं. त्याचीच खालची बाजू म्हणजे खालच्या खोलीची तक्तपोशी. तेव्हा लाकडाची जमीन आपल्याला नवीन नाही. फरक एवढाच की ती हवेशीर तुळयांवर होती आणि आपल्याला ती सिमेंटच्या स्लॅबवर चिकटवायची आहे.

सॉलिड फळी साधारण १८ ते २० मिमी जाड असते. तिचा खरा फायदा म्हणजे ती पुन्हा पुन्हा घासता येते. वरचे ५-६ मिमी हाताशी असतात, त्यामुळे दर काही वर्षांनी सँडिंग करून नवं पॉलिश मारलं की जमीन परत नवी. पन्नास वर्षं टिकणारी जमीन हवी असेल तर ही.

साग सगळ्यात कठीण लाकूड असतं हा समज मात्र सोडा. लाकडाचा टणकपणा जांका चाचणीनं मोजतात. गॅब्रिएल जांका या ऑस्ट्रियन संशोधकाच्या नावानं ती ओळखली जाते: ११.२८ मिमी व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते बघायचं. साग साधारण १,०७० पाउंड-फोर्स, रेड ओक १,२९०, हार्ड मेपल १,४५०. म्हणजे टाचेच्या सँडलनं किंवा पडलेल्या डंबेलनं सागावर ओकपेक्षा लवकर खड्डा पडेल. सागाची कीर्ती आहे ती कमी हलण्यासाठी आणि गाभ्यातल्या तेलामुळे वाळवीला नकोसा असण्यासाठी. हा गुण फक्त गाभ्याचा. बाहेरचा फिकट भाग वाळवी आवडीनं खाते, त्यामुळे फळ्यांत पांढुरके पट्टे दिसले तर त्या बाजूला काढायला सांगा.

आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीचा साग नामांकित. अयोध्येच्या राम मंदिरासाठीचं सागवान २०२३ मध्ये बल्लारपूरहून गेलं होतं. दुकानदार मात्र "बर्मा टीक" म्हणून जास्त भाव सांगतो. म्यानमारनं २०१४ पासून गोल लाकडाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे. त्यामुळे हे नाव ऐकलं की माल कुठून आला, कागद काय आहेत, हे शांतपणे विचारायचं.

माझं मत: नव्या फ्लॅटच्या आठव्या मजल्यावर स्लॅबवर सॉलिड लावणं म्हणजे हौस. पैसा आणि चांगला सुतार दोन्ही असतील तरच.

इंजिनिअर्ड वुड: थराची जाडी विचारा

इंजिनिअर्ड हे नाव ऐकून ते नकली वाटतं, पण वर खरंच लाकूड असतं. युक्ती प्लायवुडची आहे. एका थराचे तंतू आडवे, दुसऱ्याचे उभे. लाकूड लांबीत हलत नाही, म्हणून उभा थर आडव्याला फुगू देत नाही. स्वीडनमधल्या गुस्ताफ केअर यांना असल्या अनेक थरांच्या फळीचं पेटंट १९४१ मध्ये मिळालं आणि त्यांच्या नावाची कंपनी आजही फ्लोअरिंग विकते. पुण्या-नागपूरच्या हवेत खरं लाकूड हवं असेल तर हाच शहाणपणाचा मार्ग.

इथं दोनच आकडे महत्त्वाचे आणि दुकानात नेमके तेच आपणहून सांगत नाहीत. पहिला, वरच्या खऱ्या लाकडाच्या थराची जाडी. ब्रोशरवर "१४ मिमी" ठळक लिहिलेलं असतं, ती एकूण जाडी. वरचा थर ०.६ मिमीही असू शकतो आणि ४ मिमीही. युरोपच्या मानकात पार्केट म्हणवून घ्यायला वरचा थर किमान २.५ मिमी लागतो. ३-४ मिमी असेल तर आयुष्यात एक-दोनदा घासून पॉलिश करता येईल. ०.६ मिमीवर सँडिंगचं मशीन फिरवलं की खालचा प्लाय दिसलाच. अशी फळी खरं लाकूड असूनही टिकण्याच्या बाबतीत लॅमिनेटच्याच रांगेत बसते, किंबहुना ओरखड्यांच्या बाबतीत त्याच्याही मागे.

दुसरा आकडा गाभ्याचा. गाभा प्लायचा आहे की एचडीएफचा? प्लाय असेल तर कोणता? आपल्याकडे फर्निचरच्या प्लायवर एमआर, बीडब्ल्यूआर असे शिक्के असतात. एमआर म्हणजे फक्त दमट हवा सोसणारा, पाणी सोसणारा नव्हे. बीडब्ल्यूआर उकळत्या पाण्याच्या चाचणीतून जातो. फ्लोअरिंगचा माल बराचसा आयात असल्यानं त्यावर हेच शिक्के असतील असं नाही, पण गोंद कोणत्या दर्जाचा आहे हा प्रश्न विचारता येतोच. उत्तर देताना विक्रेता अडखळला तर आपल्याला काय ते समजतं.

लॅमिनेट: सगळ्यात जास्त खपणारं, सगळ्यात जास्त फसवणारं

बजेटमध्ये बसतं म्हणून बहुतेक जण इथंच येऊन थांबतात. यात चार थर असतात. सगळ्यात खाली तोल राखणारा कागद, त्यावर एचडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू आणि रेझिन दाबून केलेला पाट, त्यावर लाकडाच्या छपाईचा कागद आणि सगळ्यात वर अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण मिसळलेला मेलामाइनचा पारदर्शक थर. हे ऑक्साइड म्हणजे सँडपेपरवर असतं तेच. म्हणून लॅमिनेटला ओरखडे लवकर पडत नाहीत. या एका बाबतीत ते सागालाही मागं टाकतं. स्वीडनच्या पर्स्टॉर्प कंपनीनं १९७० च्या दशकाच्या शेवटी ही कल्पना काढली, आणि त्यांचा पर्गो हा ब्रँड अजून बाजारात आहे.

झिजण्याचा दर्जा एसी या अक्षरांनी दाखवतात. एसी३ घरातल्या वर्दळीला पुरतं, एसी४ वर्दळीच्या हॉलला किंवा छोट्या ऑफिसला, एसी५ दुकानाला. घरासाठी एसी४ घेतलं की निर्धास्त. एसी५ साठी जास्त पैसे मोजण्यात मला अर्थ वाटत नाही, शिवाय ते काही वेळा पायाला जास्त खरखरीत लागतं, आणि आपण घरात अनवाणी फिरतो.

जाडी आणि झिजणं यांचा संबंध नाही. ८ मिमीची फळी एसी४ असू शकते आणि १२ मिमीची एसी३. जाड फळी चालताना कमी पोकळ वाजते आणि किंचित खाली-वर असलेली जमीन जास्त सांभाळून घेते, इतकंच.

लॅमिनेटचं मरण ओरखड्यात नाही, पाण्यात आहे. सांध्यातून पाणी आत गेलं की एचडीएफ फुगतो, आणि फुगलेला एचडीएफ वाळल्यावर पूर्ण खाली बसत नाही. कडा कायमच्या उचललेल्या राहतात. चांगल्या मालाच्या स्पेकशीटवर "थिकनेस स्वेलिंग" नावाची एक ओळ असते: तुकडा २४ तास पाण्यात ठेवल्यावर जाडी किती टक्के वाढली. १८ टक्के म्हणजे ८ मिमीची फळी ९.४ मिमी झाली. आकडा जितका कमी तितका गाभा चांगला. काही कंपन्यांचा गाभा हिरवा असतो आणि दुकानदार तो "वॉटरप्रूफ" म्हणून दाखवतो. हिरवा रंग हा नुसता रंग आहे, त्यानं पाणी थांबत नाही. बोर्ड खरोखर चांगला असेलही, पण ते स्वेलिंगच्या आकड्यावरून ठरवायचं.

आकडा मिळत नसेल तर घरी करता येते ती चाचणी. तीन-चार ब्रँडचे कापलेले तुकडे मागून आणा, जाडी मोजा, दिवसभर बादलीत बुडवून ठेवा आणि पुन्हा मोजा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात घेतलेला व्हर्निअर कॅलिपर कपाटात पडलेला असतो, त्याचा एवढा चांगला उपयोग मला तरी त्या चार वर्षांत झाला नव्हता.

खरं की छापील, हे ओळखायला फोन पुरतो. मॅक्रो मोड लावून अगदी जवळून फोटो काढा. छपाई असेल तर रेषा बारीक ठिपक्यांत फुटलेल्या दिसतात. दुसरं, पेटीतल्या सगळ्या फळ्या शेजारी मांडून गाठी बघा. हुबेहूब तीच गाठ दोन फळ्यांवर दिसली तर तो फोटो. तिसरं, फळीची कापलेली कड बघा. खऱ्या लाकडाच्या वरच्या रेषा कडेत उतरत जातात.

एसपीसी आणि बांबू

एसपीसी म्हणजे चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांचा टणक पत्रा, त्यावर छापील फिल्म आणि वर पारदर्शक थर. लाकूड शून्य. पण पाण्यानं फुगत नाही, वाळवीला यात खायला काही नाही, ४ ते ६ मिमीच जाड असल्यानं दारं फारशी कापावी लागत नाहीत. इथं विचारायचा आकडा म्हणजे वरच्या पारदर्शक थराची जाडी: घराला ०.३ मिमी चालतं, हॉलसाठी ०.५ बरं. कमजोरी उन्हाची. पश्चिमेच्या मोठ्या खिडकीतून मे महिन्याचं ऊन थेट पडत असेल तर पीव्हीसी तापून पसरतं आणि सांधे उचकटू शकतात, तिथं पडदा हवाच. आणि पायाला ते लाकडासारखं उबदार लागत नाही, टाइलपेक्षा मात्र बरं. "वॉटरप्रूफ" म्हणजे फळी वॉटरप्रूफ, हेही ध्यानात असू द्या. सांध्यातून खाली गेलेलं पाणी खालीच साचून राहतं आणि त्याचा वास येतो.

बांबूचं फ्लोअरिंग कमी ठिकाणी मिळतं. त्यातला बांबूचे धागे दाबून केलेला, म्हणजे स्ट्रँड वोव्हन प्रकार सागाच्या दुपटीहून टणक असतो. बांबू हे गवत असूनही आपल्या वन कायद्यात तो कित्येक वर्षं "झाड" होता. २०१७ च्या दुरुस्तीनं त्याला त्या व्याख्येतून काढलं, आणि शेतातला बांबू तोडायला-न्यायला सोपा झाला. ओलाव्यानं बांबूही हलतो, तेव्हा सॉलिडला लावलेले सगळे नियम त्यालाही.

वास येतोय? मग हे वाचा

एचडीएफ आणि प्लाय दोन्हींत गोंद असतो आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू हळूहळू बाहेर येतो. डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं इथपासून दीर्घकाळात कॅन्सरचा धोका इथपर्यंत याची मजल जाते. बंद एसी बेडरूममध्ये रोज आठ तास झोपायचं असेल तर ही बाब ओरखड्यांपेक्षा महत्त्वाची.

२०१५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत सीबीएस वाहिनीच्या "६० मिनिट्स" कार्यक्रमानं लंबर लिक्विडेटर्स या मोठ्या कंपनीच्या चिनी बनावटीच्या लॅमिनेटमध्ये कॅलिफोर्नियाच्या मर्यादेपेक्षा जास्त फॉर्मल्डिहाइड असल्याचं दाखवलं. मे महिन्यात कंपनीनं त्या मालाची विक्री थांबवली. पुढची गोष्ट आम्हा इंजिनिअर मंडळींसाठी जास्त भारी आहे: सरकारी आरोग्य यंत्रणा सीडीसीनं फेब्रुवारी २०१६ मध्ये धोक्याचा अहवाल काढला, आणि त्यात छताची उंची फुटांतून मीटरमध्ये बदलायचीच राहून गेली होती. त्यामुळे खोली मोठी धरली गेली आणि धोका खऱ्याच्या जवळपास एक तृतीयांश दाखवला गेला. नंतर तो दुरुस्त करावा लागला.

आपण विचारायचं ते ई१ किंवा कार्ब फेज २ चं प्रमाणपत्र. ई१ म्हणजे चाचणीच्या चेंबरमधल्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त ०.१२४ मिलिग्रॅम. युरोपीय संघात ऑगस्ट २०२६ पासून लागू होणारी मर्यादा याच्या निम्मी, ०.०६२ आहे. प्रमाणपत्र ब्रोशरवरच्या लोगोत नव्हे, तुम्ही घेताय त्याच मालाच्या नावावर हवं. बसवल्यावर आठ-दहा दिवस खिडक्या उघड्या ठेवून मगच झोपायला जा.

फळीच्या खाली काय आहे

लॅमिनेट, एसपीसी आणि बरंचसं इंजिनिअर्ड जमिनीला चिकटवत नाहीत, फळ्या एकमेकांत अडकवून नुसत्या अंथरतात. याला फ्लोटिंग म्हणतात. खाली २-३ मिमीचा फोम, भिंतीपासून चहूबाजूंनी ८ ते १० मिमी मोकळी जागा, ती झाकायला स्कर्टिंग. ही मोकळी जागा सोडली नाही तर पहिल्याच पावसाळ्यात खोलीच्या मध्ये जमीन तंबूसारखी उचलली जाते. बसवणारा माणूस "इतकी फट कशाला, टाइट बसवतो" म्हणाला तर त्याला थांबवा. याच कारणानं फ्लोटिंगवर छताला टेकणारा जड वॉर्डरोब ठोकू नये. आधी वॉर्डरोब, मग त्याच्यापर्यंत फ्लोअरिंग.

जुन्या टाइल काढायची सहसा गरज नसते. २ मीटरच्या सरळ पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली नाही आणि टाइल हलत नसल्या की झालं. भाड्यानं राहणाऱ्यांसाठी हीच सोय आहे: मालकाच्या टाइलला हात न लावता फ्लोटिंग अंथरायचं आणि जाताना उचलून न्यायचं. मालकाला आधी सांगून, अर्थात. दार कापावं लागणार असेल तर लेखी.

तळमजला असेल किंवा स्लॅब नवा असेल तर आधी ओल तपासा. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपनं जमिनीवर घट्ट चिकटवा आणि १६ तास तसंच राहू द्या. आतून दव दिसलं किंवा खालची जमीन गडद झाली तर खालून ओल येते आहे, काम पुढं ढकला. पावसाळ्यात ही चाचणी केली तर उत्तम. पेट्याही आणल्या आणल्या लावायच्या नाहीत, त्याच खोलीत ४८ तास आडव्या ठेवायच्या.

कुठल्या खोलीत काय

आई-आजीचा पहिला प्रश्न असतो, "पुसायचं कसं?" आणि सगळ्या स्पेकशीटपेक्षा तो नेमका आहे. आपल्याकडे लादी रोज पुसली जाते, बादली आणि ओल्या फडक्यानं, वर फिनाईल. लाकूड आणि लॅमिनेट या दोघांना हे सोसत नाही. फडकं घट्ट पिळलेलं हवं, रोज नको, आणि कामाला येणाऱ्या मावशींना ते पहिल्या दिवशी करून दाखवावं लागतं. रोबो व्हॅक्यूम असेल तर अ‍ॅपमध्ये त्या खोलीचा पाण्याचा प्रवाह सगळ्यात कमीवर ठेवा आणि चार्जिंगचा डॉक लाकडावर नको, ओलं फडकं घेऊन तो तिथं तासन्‌तास उभा राहतो.

घरात रोज ओला पोछा बंद होणारच नसेल तर वाद घालण्यात अर्थ नाही, एसपीसी घ्या. स्वयंपाकघर, बाथरूमच्या दारासमोरची जागा, देवघरासमोर रोज पाणी-फुलं होतात ती जागा, इथं माझ्या मते टाइलच; फार तर एसपीसी. बेडरूमला कोरडं ठेवता येत असेल तर एसी४, ई१ लॅमिनेट हा पैशाला सर्वांत जास्त न्याय देणारा पर्याय, आणि आमच्याकडे तोच आहे. हॉलमध्ये पायाखाली खरं लाकूड हवंच आणि दहा-पंधरा वर्षं तिथंच राहायचं असेल, तर ३ मिमी वरच्या थराचं, प्लाय गाभ्याचं इंजिनिअर्ड. कुत्रा असेल तर त्याची नखं खऱ्या लाकडावर उमटणार, ते मान्य करून घ्या. घरून काम करताय? खुर्चीची चाकं बघा. सगळी कडक असतील तर ती कार्पेटसाठीची असतात. लाकडी जमिनीला बाहेरून मऊ रबर असलेली चाकं लागतात. ती वेगळी विकत मिळतात आणि पाच मिनिटांत बदलता येतात.

बिल करताना

भाव चौरस फुटावर सांगतात, पण माल पेटीत मिळतो. १० बाय १२ ची खोली म्हणजे १२० चौरस फूट; कापाकापीचे ८ टक्के धरले की साधारण १३०. पेटीत २० चौरस फूट येत असतील तर ७ पेट्या, म्हणजे १४० चे पैसे. हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यासारखी नक्षी हवी असेल तर वाया जाणारा माल १५ टक्के धरा. फोम, स्कर्टिंग, दारातली जोडपट्टी, दार कापणं, बसवण्याची मजुरी आणि जीएसटी हे सगळं भावात आहे की वेगळं, हे कोटेशनवर लिहून घ्या. स्वस्तात सांगितलेला भाव इथंच भरून काढला जातो.

वॉरंटीचं पान पूर्ण वाचा. "२० वर्षं" ठळक असतं आणि खाली बारीक अक्षरात ओल, साचलेलं पाणी आणि चुकीची बसवणूक वगळलेली असते. बिलावर मॉडेल नंबर, एसी दर्जा, वरच्या थराची जाडी आणि बॅच नंबर लिहून मागा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. सगळ्या पेट्या एकाच बॅचच्या आहेत का ते उघडण्याआधी तपासा, दोन बॅचच्या रंगात फरक पडतो. उरलेली एक पेटी परत करू नका. डिझाइन दोन-तीन वर्षांत बंद होतात, आणि उद्या एखादी फळी बदलायची वेळ आली तर तोच माल बाजारात मिळत नाही. ती पेटी माळ्यावर आडवी ठेवा, भिंतीला टेकवून उभी नको. उभी ठेवलेली फळी वाकते.